मूकराजाचं हमीपत्र

"बाई, तुमच्या वाचनालयात पुढचे चार रविवार आम्ही एक साम्राज्य चालवलं तर चालेल का?"

प्रश्न याच शब्दांत, एका दमात आणि न हसता विचारायचा, अशी अट होती. शिवाय तो वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या पार शेवटच्या खुर्चीतल्या आजोबांना ऐकू गेला पाहिजे, हे पोटकलम. अट मैत्रिणींची होती, आणि मैत्रिणी दाराबाहेर चपलांच्या मांडणीआड उभ्या राहून हसू दाबत होत्या.

प्रश्न विचारणारीला शाळेत 'पुटपुटी' म्हणत. नाव पहिल्या इयत्तेतच पडलं होतं. हजेरी घेताना ती 'हजर' इतक्या हळू म्हणायची की पहिल्या बाकावर बसूनही तिची दोनदा गैरहजेरी लागली होती. मात्र गेल्या सहामाहीत काहीतरी बिघडलं किंवा सुधारलं, घरच्यांचं अजून एकमत व्हायचं आहे. एकदा वर्गात सगळे गप्प असताना तिच्या तोंडून उत्तर मोठ्यानं निघून गेलं, आणि तिला आपला आवाज आवडला. इतका आवडला की तेव्हापासून तो थांबायचं नाव घेईना. वर्षानुवर्षं बंद असलेला नळ अचानक सुटावा आणि घरातली भांडी पुरू नयेत, तशी गत.

"चालेल की!" शेवटच्या खुर्चीतले आजोबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले.

ग्रंथपालबाईंना हे चाललं नाही. त्यांनी रजिस्टरात बोट ठेवून रजिस्टर मिटलं. "कुठलं साम्राज्य?"

"क्षारनगरी."

बाईंचं बोट रजिस्टरातून बाहेर आलं. ज्या पानावर ते होतं ते पान कायमचं हरवलं, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

'क्षारनगरी' ही नऊ खंडांची कादंबरी. प्रत्येक खंड असा की झोपून वाचताना हातातून सुटला तर नाक जायबंदी व्हावं. त्यात मिठाचे किल्ले आहेत, दरवाजावर पहारा देणारा घराएवढा बगळा आहे, आणि मूकराजा आहे. हा राजा मुका नाही. तो बोलत नाही, इतकंच. आठ खंड लोक त्याच्यापुढे रडतात, भांडतात, त्याचे पाय धरतात, पण तो हूं की चूं करत नाही. नवव्या खंडाच्या शेवटच्या पानावर तो एकच वाक्य बोलतो. ते कोणतं, हे इथे सांगून कुणाचे सात हजार पानांचे कष्ट पाण्यात घालवणं बरं नव्हे.

"कितव्यांदा वाचतेयस?" बाईंनी विचारलं.

"तिसऱ्यांदा."

"हं. मी अकराव्यांदा." बाई जरा पुढे झुकल्या. "आणि साम्राज्य चालवणार म्हणजे नक्की काय करणार?"

पुटपुटीनं सांगितलं. टेबलाभोवती बसायचं. एकीनं सूत्रधार व्हायचं, म्हणजे जग तिनं सांगायचं: दरवाजा कसा आहे, पलीकडे कोण उभं आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं ते सांगायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. एक आला तर तोंडावर आपटलात, वीस आले तर जग जिंकलंत. आणि सूत्रधार, इथे तिनं मान ताठ केली, सूत्रधार मी.

हे सगळं चारच रविवारांत उरकायचं होतं, कारण सुट्टी संपली की लांबडी जाणार होती. लांबडी म्हणजे चौघींमधली उंच. तिच्या वडिलांची बदली झाली होती, आणि तिच्या घरी आता माणसांपेक्षा खोकी जास्त होती. उरलेल्या दोघींपैकी एक वकिलीण, म्हणजे सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी पुरावा मागणारी. दुसरी कोरस. कोरसला स्वतःचं असं बोलणं नव्हतं. कुणी "चला" म्हटलं की ती "चला" म्हणायची, कुणी "नको" म्हटलं की "नको". पहिलीपासून चौघी एका बाकावर होत्या आणि त्यांनी काहीच कधी पूर्ण केलं नव्हतं: ना हस्तलिखित, ना नाटक, ना मांजर पाळण्याचा बेत. जाण्याआधी एक तरी गोष्ट शेवटापर्यंत न्यायची, असं लांबडीनं म्हटलं होतं, आणि ते म्हणताना तिनं खिडकीबाहेर पाहिलं होतं. त्यामुळे नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

ग्रंथपालबाईंनी रजिस्टर बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी एका शाळेनं यावर नाटक बसवलं. बगळ्याऐवजी बदक घेतलं. का, तर म्हणे बदकाचा पोशाख तयार होता." 'बदक' हा शब्द त्यांनी शिवीसारखा उच्चारला. "खोली देईन. बालविभागामागची, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांची. रविवारी दहा ते एक. पण मला लेखी हमीपत्र पाहिजे, की पुस्तकाबाहेरचं काहीही होणार नाही. दोन्ही पालकांच्या सह्या, सोबत नकाशा, तीन प्रती. पहिला रविवार मी स्वतः येऊन बसेन. नीट झालं तरच पुढचे तीन."

"मंजूर!" पुटपुटी इतक्या मोठ्यानं म्हणाली की आजोबांनी पान उलटायचं थांबवलं.

तर इथून सुरुवात झाली.

पुटपुटीचे बाबा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत. नकाशा पाहिजे म्हटल्यावर ते जेवता जेवता उठले, हात धुतले आणि पेन्सिलीला टोक करू लागले. आई म्हणाली, "अहो, घास तरी संपवा." बाबा म्हणाले, "खंड कितवा? पान कितवं?" पुटपुटी खूश झाली. बाबा आपल्या कशात इतके रमलेत असं तिनं पहिल्यांदाच पाहिलं. तिचा हा आनंद साधारण वीस मिनिटं टिकला.

"हे चुकलंय," बाबा म्हणाले.

"काय चुकलंय?"

"नदी. डोंगरातून निघते, मधे दुभंगते आणि एक फाटा पूर्वेच्या समुद्राला, एक पश्चिमेच्या. असं नसतं बाळा. पाणी उताराकडे जातं. ते असं मधेच उभं राहून 'मी अर्धी इकडे जाते, अर्धी तिकडे' असं म्हणत नाही."

"बाबा, ती जादूची नदी आहे."

"जादूची असली तरी उतार लागतोच."

तीन संध्याकाळी हा वाद चालला. बाबांनी डोंगर सरकवून पाहिला. मग एक धरण घातलं. मग राजवाडा टेकडीवर आहे आणि तलाव खाली, म्हणजे वरच्या मजल्यावर पाणी चढणारच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. "चारशे वर्षं हे लोक आंघोळ कशी करतायत?" ते आईला विचारत. आई म्हणे, "मला काय विचारता, मी तिकडे ड्यूटीला होते का?" शेवटी तोडगा निघाला. बाबांनी दोन नकाशे काढले. एकावर लिहिलं 'पुस्तकाप्रमाणे', दुसऱ्यावर 'खरा'. दुसऱ्यात राजवाड्यामागे एक सुबक टाकी होती आणि तिच्यापर्यंत गेलेल्या नळाची रुंदीसुद्धा लिहिली होती.

आई रुग्णालयात परिचारिका. तिनं सुरुवातीला या प्रकरणात पडायचं नाही असं ठरवलं होतं आणि दोन दिवस ते पाळलंही. तिसऱ्या दिवशी इस्त्री करता करता तिनं खेळाचे नियम सहज चाळले आणि इस्त्री आडवी ठेवली.

"हे कोणी लिहिलंय? 'भाल्याची जखम: एक रात्र झोप घेतल्यास पूर्ण बरी.' पूर्ण बरी?"

"खेळात तसंच असतं गं."

"खेळात असेल. माझ्या घरात नाही. भाला गंजका होता की स्वच्छ? जखम धुतली का? मिठाच्या किल्ल्यात पडलाय म्हणजे जखमेवर मीठ, नुसतं म्हणीतलं नाही, खरोखरचं. ओरडून ओरडून बेशुद्ध पडेल तो."

संध्याकाळपर्यंत आईचा तक्ता तयार होता. भाला: टाके, इंजेक्शन, तीन आठवडे विश्रांती. बगळ्याची चोच: शस्त्रक्रिया, सहा आठवडे. उंचावरून पडणे: आधी मान हलवू नये. पुटपुटीनं हिशेब केला. पहिल्या रविवारी कुणाला नुसतं खरचटलं असतं तरी ती व्यक्ती चारही रविवार पलंगावर पडून राहिली असती आणि उरलेल्या दोघी तिला भेटायला जात बसल्या असत्या.

"हे साम्राज्य आहे आई, वॉर्ड नाही."

"साम्राज्यातसुद्धा वॉर्ड असतो," आई म्हणाली. "नसेल तर ते साम्राज्य कसलं!"

राहता राहिलं हमीपत्र. वरच्या मजल्यावर बेलिफकाका राहत. उभी हयात त्यांनी कोर्टाच्या नोटिसा लोकांच्या दारांवर चिकटवण्यात घालवली होती आणि निवृत्तीनंतर चिकटवायला काही नसल्यामुळे ते खंतावले होते. 'हमीपत्र' हा शब्द कानावर पडताच ते अंगात सदरा चढवत खाली आले. बटणं जिन्यात लावली.

"मसुदा मी करतो," ते म्हणाले. "तुम्ही लोक भावनेच्या भरात लिहाल."

त्यांनी दोन दिवस घेतले. मसुद्याची सुरुवात अशी होती: 'मी, खाली सही करणारी, वय वर्षे पंधरा, धंदा शिक्षण, पूर्ण शुद्धीवर असून, कुणाच्याही दबावाखाली नसून, लिहून देते की...' पुढे एकोणीस कलमं होती. त्यांतलं अकरावं त्यांना विशेष आवडलं होतं. ते त्यांनी उभं राहून वाचलं.

"'मूळ ग्रंथात न मेलेलं पात्र मरणार नाही, न जन्मलेलं जन्मणार नाही, आणि न बोललेलं बोलणार नाही.'" मग चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "आता पळवाट काढून दाखवा!"

पळवाट कुणाला काढायचीच नव्हती. उलट पुटपुटीला ते कलम फार भारदस्त वाटलं. आपल्या सहीनं एवढ्या लोकांचं जन्ममरण थांबतंय, या कल्पनेनं तिनं पेन जरा जास्तच जोरात दाबलं आणि सही वाकडी आली. आईनं सही केली, बाबांनी केली. बाबांनी सहीखाली बारीक अक्षरात 'नदीबाबत असहमत' असं लिहिलं.

झेरॉक्सवाल्यानं तीन प्रती काढताना हमीपत्र वाचलं, नकाशा पाहिला आणि आवाज खाली आणला. "जमिनीचा वाद दिसतोय. माझ्या मेव्हण्याचंही असंच चाललंय, बारा वर्षं. एक चांगला वकील सांगू?" त्यानं नकाशाच्या प्रतीत पूर्वेचा समुद्र कापला होता, म्हणून पुटपुटीला त्याच्याशी हुज्जत घालावी लागली. तेव्हा तो म्हणाला, "समुद्र कशाला पाहिजे, वाद तर जमिनीचा आहे ना?" आणि शेवटी तिनंच पेननं तो समुद्र पुरा केला.

वाचनालयात अर्ज घेणारे गृहस्थ म्हणाले, खोलीचा अर्ज संस्थेच्या नावानं लागतो, तुमची संस्था कोणती? पुटपुटीनं जागच्या जागी संस्था काढली. उद्देशाच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर ते म्हणाले, लोक बहुधा 'समाजप्रबोधन' लिहितात. तिनं तेच लिहिलं.

हे सारं चालू असताना ती रोज तयारी करत होती. तिनं दोनशे पानी वही भरली. क्षारनगरीतल्या कोणाचा मामा कोण, कुठल्या बुरुजाला किती पायऱ्या, कुठल्या खंडात कोण कुठल्या दारातून आत आलं. गोष्ट तिसऱ्या खंडात सुरू होणार, मिठाचा तुटवडा, राजदरबार, मग किल्ला. मैत्रिणी काय करतील, हेही तिनं त्यांच्या वतीनं लिहून ठेवलं, म्हणजे आयत्या वेळी घोळ नको. वही संपली तेव्हा तिनं ती छातीशी धरली. तिला वाटलं, आता काहीही चुकू शकत नाही.

आणि खरोखरच काही चुकलं नाही. तिथंच तर सगळं बिनसलं.

पहिला रविवार उजाडला. गठ्ठ्यांच्या खोलीत जुन्या कागदांचा कोंदट वास होता आणि मधोमध एक डुगडुगतं टेबल. कोपऱ्यात ग्रंथपालबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारी पुस्तकांची ढकलगाडी, तिच्यावर नऊ खंड, खंडांतून बाहेर डोकावणाऱ्या चिठ्ठ्या. एकदम परीक्षेचं वातावरण. लांबडी योद्धा झाली होती, वकिलीण चोर, आणि कोरसनं पाठीवर मीठ वाहणारी हमाल घेतली होती, कारण बाकी सगळी पात्रं घेऊन झाली होती.

"तुम्ही किल्ल्याच्या दरवाजापाशी उभ्या आहात," पुटपुटीनं खणखणीत आवाजात सुरुवात केली. "दरवाजा उजवीकडे उघडतो..."

"डावीकडे," कोपऱ्यातून आवाज आला. "पान तीनशे बारा."

"डावीकडे उघडतो. समोर बगळा."

"मी बगळ्यावर उडी मारते!" लांबडी टेबलावर हात आपटून म्हणाली.

"तिसऱ्या खंडात बगळ्याला कुणी हात लावत नाही."

"बरं. मग दरवाजा जाळते."

"तो चौथ्या खंडात जळतो."

"मग मी तिसऱ्या खंडात काय करते?"

पुटपुटीनं वही पाहिली. "तू आदरानं बाजूला उभी राहतेस."

वकिलीण म्हणाली, चोरानं चोरी करावी की नाही? चोरी करता येते, पण सापडता येत नाही आणि चोरलेलं काही गायबही होता कामा नये, असं ठरलं, कारण पुस्तकात सगळ्या वस्तू जागच्या जागी होत्या. "म्हणजे मी उचलते आणि परत ठेवते? ही चोरी नाही, ही साफसफाई आहे!" वकिलीण म्हणाली. कोपऱ्यातून पुन्हा, "पान तीनशे एकोणतीस, तिथे पायऱ्या बावीस." फासे पडत होते, आकडे येत होते, पण काहीही आलं तरी तेच होत होतं. लांबडी मधूनमधून घड्याळाकडे पाहू लागली.

अशा रीतीनं तिघी एकदाच्या दरबारात पोहोचल्या. वहीप्रमाणे लांबडीनं मिठाच्या तुटवड्याची तक्रार मांडली. वकिलिणीनं पुरावे दिले. राजा गप्प. सगळं पुस्तकाबरहुकूम. कोपऱ्यात बाईंनी समाधानानं चिठ्ठी बदलली.

"आणि तू?" पुटपुटीनं उपचार म्हणून कोरसला विचारलं. वहीत कोरसपुढे 'इतरांप्रमाणेच' असं लिहिलेलं होतं.

कोरसनं बराच वेळ फासा मुठीत धरून ठेवला. मग खाली मान घालून म्हणाली, "मी गोणी खाली ठेवते. आणि राजाला विचारते." थांबली. "विचारते की, महाराज, तुम्ही जेवलात का?"

लांबडीनं घड्याळावरची नजर काढली. पहिलीपासून आजवर कोरसनं स्वतःहून काही विचारल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. फासा टेबलाच्या उतारावरून घरंगळला, बाबांच्या खऱ्या नकाशावरच्या टाकीवर येऊन थांबला.

वीस!

लांबडी किंचाळली. वकिलिणीनं फासा सगळ्या बाजूंनी तपासला आणि कधी नव्हे ते म्हणाली, "पुराव्याची गरज नाही." कोरसचं तोंड उघडंच राहिलं होतं. आता राजा बोलणार होता. नियमच होता तसा, वीस म्हणजे वीस. तिघींनी पुटपुटीकडे पाहिलं. कोपऱ्यातून पान उलटल्याचा आवाज येत नव्हता.

पुटपुटीच्या डोळ्यांपुढे अकरावं कलम उभं राहिलं, बेलिफकाकांच्या आवाजासकट. न बोललेलं बोलणार नाही. खाली सही, वाकडी पण तिचीच. पुढचे तीन रविवार त्या सहीवर टांगलेले.

"राजा," ती म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी तिचा आवाज खाली गेला, "राजा बोलत नाही."

"काय?"

"नाही बोलत. तो नवव्या खंडात बोलतो."

"अगं पण वीस पडलेत!"

"तरीही."

"मग आम्ही फासे टाकतोय कशाला?" वकिलीण उभी राहिली. "चणे टाकले असते, निदान खाता तरी आले असते!"

लांबडीनं पिशवी खांद्याला लावली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला घरी खोकी भरायचीत," ती म्हणाली. "तिथं निदान काय कुठे टाकायचं ते मला ठरवता येतं."

कोरसनं फासा अलगद उचलून डबीत ठेवला. "राजा बोलत नाही," ती म्हणाली. नेहमीसारखंच, दुसऱ्याचं वाक्य.

तिघी गेल्या. खोलीत पुटपुटी, वही आणि गठ्ठे उरले.

ग्रंथपालबाई उठल्या. त्यांनी हमीपत्राच्या तिन्ही प्रतींवर शिक्का मारला, 'समाधानकारक'. पुढचे तीन रविवार मंजूर. एकोणीस कलमांपैकी एकही मोडलं नव्हतं. इतकं काटेकोर काम आपण या वाचनालयात पाहिलं नाही, असंही त्या म्हणाल्या. पुटपुटीनं "थँक यू" म्हटलं. पदक मिळावं आणि ते गळ्यात घालताना टाचणी टोचावी, तसं तिला झालं.

बाई ढकलगाडी दारापर्यंत नेऊन थांबल्या. मग मागे न वळता म्हणाल्या, "पण समजा... नुसतं समजा हं. काय म्हणाला असता तो?"

"कोण?"

"अकरा वेळा वाचलं मी. सगळे त्याला न्याय मागतात, मीठ मागतात, राज्य मागतात. हे मात्र..." बाईंनी चष्मा पुसला. "जाऊ दे. नियम तो नियम. खोलीला कडी लावून जा."

पुटपुटी घरी चालत निघाली. वाटेतल्या शिवणकामाच्या दुकानापाशी ती थांबली, कारण तिच्या लक्षात आलं की बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत नाही. दोनशे पानांत मामे होते, पायऱ्या होत्या, दरवाजे होते. राजाला भूक लागते का, हे कुठेच नव्हतं. आपल्याला माहीत नसलेली एक गोष्ट आपल्याच टेबलावर आली होती, तीही कोरसकडून, आणि आपण तिला कलम दाखवून घालवलं. तिचे कान तापले. नंतर, दुकानातल्या मशिनची घरघर ऐकत ती तशीच उभी असताना, तिला उत्तर सुचलं. ते इतकं साधं होतं की ती एकटीच मोठ्यानं "अरे!" म्हणाली आणि शिंप्यानं सुई टोचून घेतली.

घरी जाण्याआधी ती तिन्ही घरं फिरली. लांबडीच्या घरी खोक्यांवरून उड्या मारत आत जावं लागलं. वकिलिणीनं दारातच तोंडी माफी नाकारून लेखी मागितली, ती तिथेच हातावर पेननं लिहून दिली. कोरस जिन्यात बसली होती. तिच्याशी काय बोलणं झालं ते पुटपुटीनं कुणाला सांगितलेलं नाही, पण कोरस हसली, आणि ते हसू कुणाचं बघून आलेलं नव्हतं.

घरात आई, बाबा आणि बेलिफकाका निकालाची वाट पाहत बसले होते. काकांचा सदरा आज इस्त्रीचा होता.

"काय झालं? एखादं कलम मोडलं का?" काकांनी विचारलं.

"एकही नाही. तीन रविवार मंजूर."

"वा!" काकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. "मसुदा पक्का असला की असं होतं!"

"जखमी कोणी?" आईनं विचारलं.

"तिघी. तिघींनाही मीच केलं." ती टेबलाला टेकून उभी राहिली. बसली नाही. "आई, बाबा, मला काहीतरी सांगायचंय. विचारायचं नाहीये, सांगायचंय."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. आईनं काकांना हातानंच गप्प राहायची खूण केली. हे चाळीस वर्षांत कोर्टालाही जमलं नव्हतं.

"मी उद्या बाईंकडे जाऊन हमीपत्र परत घेणार आहे."

"अगं, खोली जाईल!" काकांना राहवलं नाही.

"जाईल कदाचित. कदाचित नाही जाणार, त्यांनाही ऐकायचंय पुढे काय होतं ते. आणि गेलीच तर लांबडीच्या घरी खोकी आहेत, त्यांचंच टेबल करू. कागदावरची सही माझी होती, पण तुमच्याही होत्या, म्हणून तुम्हाला आधी सांगतेय. मी पुस्तक सोडणार नाहीये. बगळा बगळाच राहील, नदीसुद्धा दोन्हीकडे जाईल, सॉरी बाबा. पण जे पुस्तकात कुणी विचारलंच नाही, ते माझ्या टेबलावर कुणी विचारलं, तर त्याला उत्तर मिळणार."

"कुणी काय विचारलं?" आई म्हणाली.

"कोरसनं. राजाला. तुम्ही जेवलात का, म्हणून."

आईनं खुर्ची पुढे ओढली. "मग? जेवला होता का तो?"

"नाही," पुटपुटी म्हणाली. आवाज एवढा होता की खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ बारीक केला. "नऊ खंडांत एकदाही नाही! चारशे वर्षं सगळे त्याच्यापुढे रडून जातात आणि ताट कोणी वाढत नाही. म्हणून मी ठरवलंय. पुढचे तीन रविवार आम्ही किल्ला जिंकणार नाही, मीठ शोधणार नाही, काही नाही. लांबडी लाकडं आणणार, वकिलीण भांडी चोरणार, यावेळी खरोखर चोरणार, कोरस स्वयंपाक करणार आणि आम्ही त्या राजाला पोटभर जेवायला घालणार आहोत. लांबडी जायच्या आत त्याचं ताट रिकामं झालं पाहिजे!"